वहीची दुसरी प्रत

१९४० साली जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यांत लंडनमधल्या नॉर्मन अँड हिल या लहानशा कंपनीची जागा उद्ध्वस्त झाली. माल गेला, कागदपत्रे गेली, गिऱ्हाइकांच्या आणि पुरवठादारांच्या नोंदी गेल्या. धंदा बंद पडायला एवढे पुरेसे होते. तो वाचला ग्रेस स्कर यांच्यामुळे. तात्पुरत्या सेक्रेटरी म्हणून कंपनीत लागलेल्या स्करबाई ही सगळी नावे आणि पत्ते आपल्या स्वतःच्या वहीत उतरवून ठेवत आणि ती वही घरी नेत. त्या वहीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. कंपनी विकत होती तीही अशीच वही होती, सहा कड्यांची आणि सुट्या पानांची, ‘फायलोफॅक्स’ नावाची. ते नावही स्करबाईंनीच सुचवलेले, १९३० साली नोंदवलेले. पुढे त्या याच कंपनीच्या अध्यक्ष झाल्या.

स्करबाईंच्या वहीत एका धंद्याची दुसरी प्रत होती. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या वह्यांना मात्र दुसरी प्रत नव्हती. भेटीच्या वेळा, फोन क्रमांक, खर्च, वाढदिवस, कामांच्या याद्या असे सगळे माणूस एकाच वहीत ठेवी, आणि ती वही टॅक्सीत राहिली की सगळे एकदम जाई. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत लाखो लोकांनी ही वही सोडून हातात मावणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र धरले. या बदलाचा इतिहास बहुतेकदा पडदे, चिपा आणि मेमरी यांच्या वाढत्या आकड्यांतून सांगितला जातो. त्या आकड्यांनी फारसे काही उलगडत नाही. यंत्र शोधायला वेगवान होते, हिशेब करत होते, वेळेवर वाजत होते, तरी बारा वर्षे कागद आपल्या जागी टिकून राहिला. यंत्राने दुसरी प्रत काढण्याचे काम माणसाच्या डोक्यावरून उतरवले, तेव्हा तो हलला.

कागदाच्या बाजूने परंपरा मोठी होती. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये स्टेशनरीचे दुकान चालवणाऱ्या जॉन लेट्सने १८१२ साली तारखा छापलेली डायरी विकायला काढली. आसपास व्यापाऱ्यांची आणि जहाजांच्या धंद्यातल्या लोकांची वर्दळ होती. त्यांना झालेल्या दिवसाची हकिकत लिहिण्यापेक्षा येणाऱ्या दिवसांची आखणी करायची होती. सुट्या पानांची कल्पना त्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेतून आली. फिलाडेल्फियातल्या एका इंजिनिअरने १९१० साली ‘लेफॅक्स’ काढली. इंजिनिअरांना लागणारी कोष्टके, सूत्रे आणि मापे छिद्रे पाडलेल्या पानांवर छापलेली असत, आणि ज्याला जी हवीत ती पाने तो आपल्या वहीत अडकवी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या ती नजरेस पडली आणि १९२१ साली नॉर्मन अँड हिलची सुरुवात झाली. सुरुवातीचे गिऱ्हाईक म्हणजे लष्करी अधिकारी आणि चर्चचे पाद्री. दोघांचे काम फिरतीचे, आणि दोघांनाही माणसे, जागा आणि वार यांचा हिशेब खिशात ठेवावा लागे.

अमेरिकेत या वहीला वेगळे वळण लागले. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनचे वकील मॉरिस पर्किन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर वकिलांसाठी एक डायरी तयार केली. तिच्यात पुढच्या भेटी तर होत्याच, शिवाय झालेल्या कामाला किती वेळ लागला तेही तिथेच लिहायचे असे, म्हणजे अशिलाला बिल करताना तास हातून निसटत नसत. हीच पुढे ‘डे-टायमर’ झाली. १९८४ साली हायरम स्मिथ यांचा ‘फ्रँकलिन प्लॅनर’ आला. बेंजामिन फ्रँकलिनचे नाव त्याला मुद्दाम दिले होते, कारण फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात तेरा सद्गुणांची नोंद ठेवणाऱ्या एका लहान वहीची तपशीलवार माहिती दिली आहे.

फ्रँकलिन प्लॅनर वापरणे हा एक शिकून घ्यायचा प्रकार होता आणि त्याचे रीतसर वर्ग भरत. दिवसाला दोन समोरासमोरची पाने. एका पानावर कामांची यादी आणि वेळापत्रक, दुसऱ्यावर टिपणे. प्रत्येक कामापुढे आधी ए, बी किंवा सी लिहायचे, मग त्या गटात त्याचा क्रमांक द्यायचा. काम झाले की बरोबरची खूण. झाले नाही तर बाण काढायचा आणि तेच काम पुढच्या एखाद्या तारखेच्या पानावर हाताने पुन्हा लिहायचे. या बाणाचे महत्त्व यंत्रे आल्यावर लक्षात येऊ लागले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये फायलोफॅक्स एकाएकी फॅशनमध्ये आली. डेव्हिड कॉलिशन यांनी १९८० साली कंपनी घेतली. लंडनच्या वित्तबाजारात नव्याने पैसा मिळवणाऱ्या तरुणांच्या हातात जाडजूड चामड्याची फायलोफॅक्स दिसू लागली. भुयारी रेल्वेचे नकाशे, खर्चाची पाने, पक्षीनिरीक्षणाच्या नोंदींची पाने अशी शेकडो प्रकारची रिफिले मिळत. १९८७ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. त्यानंतर तीन वर्षांतच ती अडचणीत सापडली. वित्तबाजाराची धुंदी उतरली, स्वस्त नकलांनी दुकाने भरली, आणि ज्या वर्गाचे ती चिन्ह होती तो वर्गच लोकांच्या नजरेतून उतरला. तेव्हा इलेक्ट्रॉनिक यंत्रे बाजारात होती, पण फायलोफॅक्सला त्यांनी पाडले असे म्हणणे घाईचे ठरेल.

वहीची खरी दुखणी दुसरीच होती. दर डिसेंबरात जुन्या डायरीतले वाढदिवस, विम्याचे हप्ते आणि वर्षश्राद्धासारखे ठरलेले दिवस नव्या डायरीत उतरवायचे. पत्ता बदलला की खाडाखोड, खाडाखोड वाढली की नवे पान. लंडनकरांचा तर एका दशकात तीनदा कस लागला. मे १९९० मध्ये शहराचा ०१ हा कोड जाऊन ०७१ आणि ०८१ आले. १६ एप्रिल १९९५ ला त्यांत १ घुसला आणि ०१७१, ०१८१ झाले. एप्रिल २००० मध्ये तेही जाऊन ०२० आला. ज्याच्या वहीत दोनशे लंडनकरांचे क्रमांक होते त्याने दोनशे दुरुस्त्या तीनदा करायच्या. मुंबईच्या सात आकडी क्रमांकांपुढे २ लागला तेव्हा इथल्या घराघरांतल्या टेलिफोन डायऱ्यांनीही हाच त्रास भोगला. हीच यादी कॉम्प्युटरवर असेल तर ‘हे शोध, ते घाल’ एवढ्या एका आज्ञेत काम उरके.

पण ती तिथे जायची कशी, हा प्रश्न पहिल्या यंत्रांनी नीट विचारलाच नाही.

सुरुवातीची यंत्रे कॅल्क्युलेटरच्या घराण्यातली होती. तोशिबाने १९७८ साली फोन क्रमांक साठवणारे एक खिशातले यंत्र काढले होते, आणि १९८३ च्या सुमारास कॅसिओही या क्षेत्रात उतरली. खऱ्या अर्थाने ऑर्गनायझर म्हणावे असे यंत्र १९८४ साली लंडनमध्ये तयार झाले, आणि त्याचे नावच ‘ऑर्गनायझर’ होते. ते बनवणारी सायऑन ही कंपनी डेव्हिड पॉटर या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८० साली काढली होती. तोवर ती सिंक्लेअरच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी खेळ आणि कार्यालयीन प्रोग्रॅम लिहून द्यायची.

हा ऑर्गनायझर म्हणजे जाडसर ठोकळा होता. त्याच्यावर सरकते झाकण. पडदा एका ओळीचा, सोळा अक्षरांचा. बटणे टाइपरायटरच्या क्रमाने न लावता ए, बी, सी अशी ओळीने मांडलेली. ‘डेटापॅक’ नावाच्या छोट्या पेटीत नोंदी साठत, आणि या पेटीत एक मोठी खोच होती. तिच्यात लिहिता येई, पुसता येत नसे. नोंद काढून टाकली की ती दिसेनाशी होई, पण तिने अडवलेली जागा अडलेलीच राही. पेटी भरली की आतली चिप अतिनील प्रकाशाच्या यंत्राखाली बराच वेळ धरून पूर्ण कोरी करावी लागे. त्याआधी कामाच्या नोंदी दुसऱ्या पेटीत उतरवून घ्यायच्या. म्हणजे डिसेंबरातली ती जुनी उतरवणी इथेही होतीच, फक्त तिची तारीख पेटी ठरवी.

पुसण्याचा प्रश्न फ्रँकलिनलाही पडला होता. त्याच्या सद्गुणांच्या वहीत जुन्या चुकांच्या खुणा खोडून नव्या करायच्या असत. खोडून खोडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्याने तीच रेघांची चौकट हस्तिदंताच्या पानांवर लाल शाईने कायमची आखून घेतली. खुणा शिसपेन्सिलीने करायच्या आणि ओल्या स्पंजने पुसायच्या. कायमचे काय आणि तात्पुरते काय हे त्याने दोन वेगळ्या साधनांनी वेगळे ठेवले. सायऑनच्या पहिल्या यंत्राला दोनशे वर्षांनंतरही ते साधले नव्हते.

१९८६ साली आलेला ‘ऑर्गनायझर टू’ पुष्कळ चालला, पण तो विशेष चालला धंद्यात. मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानांत तो वापरात होता. मालाची मोजणी, मीटरचे वाचन, किमतींचे हिशेब या कामांत यंत्र कागदापेक्षा सरळ सरस होते, कारण तिथे नोंदी एकाच साच्याच्या असतात आणि संध्याकाळी मुख्य कचेरीत जातात. व्यक्तीच्या दिवसाचे तसे नाही. तो कुठेही अर्धवट थांबतो, कोपऱ्यात लिहावा लागतो, खोडला तरी दिसावा लागतो.

१९८८-८९ मध्ये शार्पचा ‘विझर्ड’ आला. त्यात कॅलेंडर, टेलिफोन यादी, टिपणवही, जगातल्या शहरांच्या वेळा असे सगळे होते, आणि शब्दकोशासारखी जास्तीची साधने पातळ कार्डांवर विकत घेऊन बसवता येत. पाठोपाठ कॅसिओची यंत्रे आली. भारतात या प्रकाराला सरसकट ‘डिजिटल डायरी’ हे नाव पडले. नव्वदच्या दशकात परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाने आणायच्या वस्तूंत ती असे, विक्री अधिकाऱ्यांच्या शर्टाच्या खिशात दिसे, कंपन्यांच्या भेटवस्तूंतही फिरे. बहुतेकांनी तिच्यात फोन क्रमांक भरले आणि तेवढ्यावर थांबले. नावे रोमन लिपीत, तीही बारक्या रबरी बटणांवर एकेक अक्षर दाबत. एवढे कष्ट एकदा केल्यावर ते दुसरीकडे उतरवून ठेवायला कोणी बसत नसे. आतली मेमरी गोल सेलाच्या विजेवर जिवंत राही. सेल वेळेत बदलला नाही तर सगळी यादी नाहीशी होई, आणि मग पुन्हा जुनी कागदी टेलिफोन डायरी शोधावी लागे. ज्यांनी ती रद्दीत दिली होती त्यांना वाली नव्हता.

या काळातले सर्वांत देखणे काम पुन्हा सायऑनचेच. १९९१ चा ‘सीरीज ३’ आणि त्याच्यानंतरचा ‘३ए’ चष्म्याच्या घरासारखे उघडत, दोन पेन्सिल सेलांवर अनेक आठवडे चालत आणि त्यांत ‘अजेंडा’ नावाचा प्रोग्रॅम होता. तो लिहिणाऱ्यांनी कागदी डायरीचा बारकाईने अभ्यास केला असावा असे तो वापरताना जाणवे. आठवडा उघड्या डायरीच्या दोन पानांसारखा समोर येई. वाढदिवस एकदा घातला की दरवर्षी आपोआप दिसे. झालेली नोंद नाहीशी न करता तिच्यावर रेघ मारून ठेवता येई. युरोपात त्याला निष्ठावंत वापरणारे मिळाले. मात्र कॉम्प्युटरला जोडायची तार आणि प्रोग्रॅम वेगळे विकत घ्यावे लागत. ज्याने ते घेतले त्याची दुसरी प्रत होती. बाकीच्यांची नव्हती.

अ‍ॅपलने वेगळाच डाव मांडला. जानेवारी १९९२ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात जॉन स्कली यांनी ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हा शब्दप्रयोग जगापुढे ठेवला, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये ६९९ डॉलरचा ‘न्यूटन मेसेजपॅड’ बाजारात आला. माणसाने आपल्या हस्ताक्षरात लिहावे आणि यंत्राने ते वाचावे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. वाचनाचा गाभा मॉस्कोत सुरू झालेल्या पॅराग्राफ या कंपनीच्या अभियंत्यांनी घडवलेला. काम विलक्षण अवघड होते आणि पहिल्या आवृत्तीत ते पुरे झालेले नव्हते. गॅरी ट्रुडो यांच्या ‘डून्सबरी’ या चित्रमालिकेत त्याच महिन्यात न्यूटनच्या चुकीच्या वाचनावर सलग चित्रपट्ट्या आल्या आणि यंत्राचे नाव खराब झाले. पुढच्या आवृत्त्यांत वाचन खूप सुधारले, पण तोवर लोकांचे मत पक्के झाले होते. फेब्रुवारी १९९८ मध्ये अ‍ॅपलने न्यूटन बंद केला. इतका मोठा विचार इतक्या लवकर हसण्यावारी गेला हे वाईटच झाले, कारण आज फोनच्या पडद्यावर बोटाने लिहिलेले वाचले जाते त्याच्या मुळाशी त्या लोकांचेही कष्ट आहेत.

न्यूटनच्या फजितीतून ज्याने नेमका धडा घेतला तो माणूस म्हणजे जेफ हॉकिन्स. १९८९ मध्ये त्याने ग्रिड या कंपनीत पेनाने चालणारा ‘ग्रिडपॅड’ तयार केला होता. १९९२ साली त्याने पाम ही कंपनी काढली आणि कॅसिओ व टँडी यांच्याबरोबर ‘झूमर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. तेही पडले. त्यानंतर पामच्या लोकांनी झूमर विकत घेतलेल्यांकडे चौकशी केली, आणि उत्तरांतून निघालेली गोष्ट साधी होती. या लोकांना खिशात दुसरा कॉम्प्युटर नको होता. टेबलावर त्यांच्याकडे एक होताच. त्यांना त्या कॉम्प्युटरमधली माहिती खिशात हवी होती, आणि हातात घेऊन ते तुलना करत होते ती कागदाच्या वहीशी.

प्रतिस्पर्धी कागद आहे हे एकदा ठरल्यावर पुढचे सगळे निर्णय त्यातून निघाले. हॉकिन्सने शर्टाच्या खिशात मावेल असा लाकडाचा तुकडा कापला, त्याच्यावर पडद्याची चित्रे छापलेले कागद चिकटवले आणि कित्येक महिने तो जवळ बाळगला. बैठकीत कोणी तारीख विचारली की तो हा ठोकळा काढी, काडीने त्याच्यावर टिचक्या मारी आणि किती टिचक्या लागल्या ते बघे. डायरी उघडून पान काढायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त लागला तर रचना चुकली, असा निकष. कॅलेंडर, पत्ते, कामे आणि टिपणे यांसाठी चार बटणे ठेवली. बटण दाबले की यंत्र सुरू होई आणि ते पान तत्काळ समोर येई. वाट बघणे नाही.

लिहिण्याचा प्रश्नही त्याने उलट बाजूने धरला. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसाने थोडे शिकावे, जसा तो टायपिंग शिकतो. ‘ग्राफिटी’ या पद्धतीत जवळजवळ प्रत्येक अक्षर पेन न उचलता एका फटकाऱ्यात लिहायचे असे. ‘ए’ला आडवी रेघ नाही, ‘टी’ म्हणजे वरची आडवी रेघ आणि तिच्या टोकापासून खाली उतरलेली उभी. थोड्या सरावात हात बसे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात डेव्हिड गोल्डबर्ग यांनी अशाच एकफटकारी अक्षरांवर आधी काम केले होते. त्यावरून १९९७ मध्ये सुरू झालेला पेटंटचा खटला २००६ साली २ कोटी २५ लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटला.

मार्च १९९६ मध्ये ‘पायलट’ विक्रीला आला. मॉडेल दोन, ‘१०००’ आणि ‘५०००’. किंमत २९९ आणि ३६९ डॉलर. मेमरी १२८ आणि ५१२ किलोबाइट, म्हणजे आजच्या फोनमधल्या एका छायाचित्राहूनही कमी. सेल दोन, बारके. रंग नाही, आवाज म्हणजे चिवचिव. आणि खोक्यातच, वेगळे पैसे न देता, यंत्र ठेवायची एक बैठक होती. बैठकीवर एक बटण. संध्याकाळी टेबलाशी आले की यंत्र त्यात ठेवायचे आणि बटण दाबायचे. यंत्रातली नवी नोंद कॉम्प्युटरवर जाई, कॉम्प्युटरवरची यंत्रात येई. याला ‘हॉटसिंक’ म्हणत.

हे बटण हाच या सगळ्या इतिहासाचा सांधा आहे. १९४० मध्ये स्करबाईंनी जे काम शिस्तीने हाताने केले, ते आता कोणतीही शिस्त नसलेल्या माणसालाही जमू लागले. यंत्र हरवले, फुटले, पाण्यात पडले तरी नवे आणून त्याच बैठकीत ठेवायचे. काही मिनिटांत कालची वही परत हातात. दोनशे पत्ते बारक्या बटणांवर दाबत बसणेही संपले, कारण ते टेबलावरच्या मोठ्या कीबोर्डवर भरता येत किंवा कार्यालयातल्या यादीतून सरळ उचलता येत. पहिल्या दीड वर्षात दहा लाखांच्या आसपास यंत्रे विकली गेली. पायलट पेन बनवणाऱ्या कंपनीने नावाला हरकत घेतली आणि ‘पायलट’ हा शब्द यंत्राच्या नावातून गेला, राहिले ‘पाम’. १९९८ च्या ‘पाम ३’मध्ये इन्फ्रारेड आले, आणि दोन यंत्रे समोरासमोर धरून व्हिजिटिंग कार्ड एकमेकांना देता येऊ लागले. २ मार्च २००० रोजी पामचा शेअर ३८ डॉलरला बाजारात आला आणि त्याच दिवशी ९५ डॉलरवर बंद झाला.

मग कागद गेला का? ज्यांनी हा बदल केला त्यांच्यातल्या पुष्कळांच्या बॅगेत काही काळ दोन्ही होते, आणि त्याला कारण होते. अ‍ॅबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर यांनी ‘द मिथ ऑफ द पेपरलेस ऑफिस’ या पुस्तकात कार्यालयांतल्या कागदाचा अभ्यास मांडला. कागद पसरता येतो, दोन पाने शेजारी ठेवता येतात, समोरच्याशी बोलता बोलता समासात खूण करता येते, हे गुण त्यांनी दाखवून दिले. १६० बाय १६० ठिपक्यांच्या पामच्या पडद्यावर यांतले थोडेच शक्य होते. आपल्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात दूध न आल्याची फुली आणि गॅस सिलिंडर लागल्याची तारीख एका नजरेत सबंध महिनाभर दिसते, तशी ‘एका नजरेतली’ वही पामला देता आली नाही. तारखेखाली ठिपका दिसे, ठिपक्यामागे काय आहे ते बघायला टिचकी मारावी लागे.

आणि तो फ्रँकलिन प्लॅनरमधला बाण. कागदावर न झालेले काम पुढच्या पानावर पुन्हा लिहावे लागे. तीन-चारदा तेच लिहिल्यावर माणूस ते करून टाकी किंवा मान्य करी की हे आपल्याच्याने होणार नाही, आणि खोडून टाकी. यंत्रात न झालेले काम आपोआप आजच्या यादीत येऊन बसे. कष्ट वाचले, त्याबरोबर तो निर्णयाचा क्षणही गेला, आणि शंभर-शंभर कामांच्या याद्या खिशात साचू लागल्या. वापरणाऱ्याचे यात खरे नुकसान झाले असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. आजच्या फोनमधल्या कामांच्या याद्यांनीही ते भरून काढलेले नाही.

भारतातला एक प्रयत्न या संदर्भात आठवला पाहिजे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले काही प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून ‘सिम्प्यूटर’ घडवला. पाम ही एका माणसाची वही होती. सिम्प्यूटर गावातल्या अनेकांनी वापरायचा होता. ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या स्मार्ट कार्डावर, आणि यंत्र सगळ्यांचे. भारतीय भाषांत मजकूर दाखवणे आणि वाचून ऐकवणे हे त्याच्या मूळ कल्पनेतच होते, जेव्हा ग्राफिटी रोमन अक्षरांपुरती मर्यादित होती. २००४ मध्ये ‘अमिडा’ नावाने तो विक्रीला आला. खप थोडा झाला, आणि लवकरच स्वस्त मोबाइलने ते मैदान घेतले. तरी माहिती यंत्रापासून वेगळी करून माणसाच्या हाती ठेवण्याचा त्यातला विचार पामच्या बैठकीइतकाच मोलाचा होता.

पुढचे लवकर घडले. २००१ मध्ये सायऑनने सर्वसामान्य ग्राहकांसाठीची यंत्रे बनवणे थांबवले. तिच्या प्रोग्रॅममधून निघालेली ‘सिंबियन’ प्रणाली मात्र नोकियाच्या फोनांतून जगभर गेली. त्याच वर्षी १८१२ साली डायरी काढणाऱ्या लेट्स कंपनीने फायलोफॅक्स विकत घेतली. २००७ मध्ये आयफोन आला आणि वेगळ्या ऑर्गनायझरची गरजच संपली. २०१० साली एचपीने १२० कोटी डॉलरांना पाम घेतली आणि पुढच्याच वर्षी यंत्रे बनवणे सोडून दिले. तोपर्यंत दुसरी प्रत टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून उठून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर गेली होती. पामच्या शेवटच्या फोनांसाठीची ती सेवा एचपीने जानेवारी २०१५ मध्ये बंद केली. ज्यांनी आपल्या नोंदी आधी बाहेर काढल्या नव्हत्या, त्यांची सर्व्हरवरची प्रत गेली.

सुदैवाने पत्ते आणि कॅलेंडर कोणत्याही प्रोग्रॅमने वाचावेत म्हणून नव्वदच्या दशकातच समाईक साचे ठरले होते. ‘व्हीकार्ड’ आणि ‘आयकॅलेंडर’ हे साचे आजही जवळजवळ प्रत्येक फोन वाचतो आणि लिहितो. फोनमधली संपर्कयादी त्या साच्यात बाहेर काढून आपल्या ताब्यातल्या ठिकाणी ठेवायला पाच मिनिटे लागतात. ज्या वाचकांच्या घरी नव्वदच्या दशकातली डिजिटल डायरी किंवा पाम अजून कपाटात असेल, त्यांनी ती टाकू नये आणि सेल कोणता लागतो ते पाहून एकदा तरी सुरू करून बघावी. बहुतेक यंत्रांतली मेमरी एव्हाना कोरी झालेली असेल. ज्यातली झालेली नसेल, त्यातली नावे, क्रमांक आणि तारखा लगेच कागदावर उतरवून घ्याव्यात.